वर्षावासातली कादंबरी

२ जुलै १९८३, शनिवार

आज दादरला जाऊन पंढरीचं पुस्तक आणलं. प्रकाशकांच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "आपण लेखकाचे कोण?" मी म्हटलं, मोठा भाऊ. त्याने लगेच खुर्ची दिली आणि चहा मागवला. दुकानात मला कुणी खुर्ची देण्याची ही पहिलीच वेळ. चहा गोड होता.

येताना बसमध्ये गठ्ठा मांडीवर होता. खाडीपूल आला तेव्हा सुतळी सैल करून एक प्रत काढली. वर नाव 'कळशीभर', खाली 'पंढरी भगवान कासारे'. आमच्या वडिलांचं नाव मी छापील अक्षरांत प्रथमच पाहिलं. शेजारच्या माणसाला दाखवावंसं वाटलं. दाखवलं नाही, पण पुस्तक असं धरलं की त्याने मान वळवली तर नाव दिसावं. तो झोपला होता.

पंढरी मार्चमध्ये गेला. कावीळ पोटात उतरली होती. शेवटची छापील पानं त्याने हॉस्पिटलच्या खाटेवर तपासली, पण पुस्तक काही त्याच्या हातात पडलं नाही.

घरी आल्यावर आईने प्रत हातात घेतली, उलटसुलट केली, वास घेतला आणि म्हणाली, "जड हाय." मग ती तिने पंढरीच्या चष्म्याशेजारी ठेवली.

१० जुलै, रविवार

मी कथा-कादंबऱ्या वाचणारा माणूस नाही. मॅट्रिक झालो, तुर्भ्याच्या कारखान्यात स्टोअरला लागलो, तिथेच आहे. पण भावाने इतकी वर्षं बाहेरच्या खोलीत बसून लिहिलं, तेव्हा वाचलंच पाहिजे म्हणून आज बसलो.

गोष्ट फार हळू चालते. कोकणातलं एक गाव. बाप मुंबईच्या गोदीत होता, हातावर पेटी पडून हात गेला म्हणून घरी परतलाय. तो पडवीत बसतो. चाळीस पानं झाली तरी तो पडवीतून उठलेला नाही. चूल कशी पेटवली, कोंबडी कुठे बसली, दारामागच्या कोनाड्यात लहान कळशी आहे, हे सगळं आहे. पण घडत काही नाही. पंढरी शाळेत शिकवायचा तेव्हाही असंच सावकाश शिकवत असेल का, कोण जाणे.

कंटाळून मधली पानं सोडली आणि शेवटाकडची चाळली, तर तिथे बाप कुणाशी बोलेनासा झालेला. त्याला काही सांगायचं असेल तर तो शेळीला सांगतो आणि बायकोने ते ऐकायचं. असं कुणी करतं का? हे मला पटलं नाही. आमचे वडीलही कमी बोलायचे, पण त्यांचा स्वभावच तसा होता. पंढरी मला एकदा म्हणाला होता की कादंबरीत सगळं कल्पनेचं असतं.

एक मोठा मुलगा आहे, महाडच्या बोर्डिंगात शिकणारा. तो सुटीत घरी येतो, काही विचारत नाही, आपलं काम करून परत जातो. तो मुलगा मला समजूतदार वाटला.

आमच्या मुलीची, स्मिताची, बारावी झाली आहे. तिला औरंगाबादच्या कॉलेजात जायचं आहे म्हणते. मी बायकोला, सरोजिनीला, म्हटलं, तिला सांग, इथेच वाशीला बघ म्हणावं. सरोजिनीने सांगितलं. स्मिता तिथेच बसली होती.

२४ जुलै, रविवार, आषाढ पौर्णिमा

आजपासून वर्षावास, पावसाळ्याचे तीन महिने. दर रविवारी विहारात ग्रंथ वाचायचं काम याही वर्षी माझ्याकडेच आहे. आमचा विहार पत्र्याचा, पाऊस आला की माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, पण माझा आवाज मागच्या ओळीपर्यंत जातो. एरवी मी बोलत नाही, त्यामुळे तो शिल्लक राहतो, असं पंढरी थट्टेने म्हणायचा.

वाचणाऱ्याचा नियम मला गावच्या गुरुजींनी घालून दिला. एक अक्षर सोडायचं नाही आणि आपलं एक अक्षर घालायचं नाही. वाचणारा म्हणजे नळ, पाणी नव्हे, असं ते म्हणायचे. तो नियम मी आजवर मोडलेला नाही.

विहारातून परतताना आई म्हणाली, "शिवा, पंढरीचं बुक मला वाचून दाव."

मी म्हटलं, "ते मनात वाचायचं पुस्तक आहे, आई."

"माझ्या मनाला वाचता येत नाय. तू ग्रंथ वाचतोस तसं वाच. रोज थोडं थोडं. वर्षावास सरेल तवर सरंल."

मंगळवारपासून वाचतो म्हटलं.

२६ जुलै, मंगळवार

पहिल्या पाळीवरून आलो तोवर आईने घर पुसून घेतलं होतं. पाटावर पांढरं धुवट फडकं घालून त्यावर पुस्तक ठेवलं होतं. मी हातपाय धुऊन बसलो आणि ग्रंथ वाचतो तसं, सावकाश, शब्द तोडून वाचलं.

मोठ्याने वाचताना गोष्ट निराळी वाटते. कोंबडीचं वाचताना आई "हां" म्हणाली. चुलीचं वाचताना "हां, तशीच." मनात वाचताना मला कंटाळा आला होता, आज आला नाही.

आमची खोली बोनकोड्यात जाईबाईंच्या चाळीत आहे. जाईबाई इथल्याच, मूळच्या शेतकरी. जमिनी सिडकोत गेल्यावर त्यांनी चाळ बांधली. आज त्या कशाला तरी आल्या होत्या, आवाज ऐकून उंबऱ्यावरच बसल्या.

"कसली पोथी हाय?"

"पोथी नाही, जाईबाई. माझ्या भावाचं पुस्तक आहे. त्याने लिहिलेलं."

"आपला पंढरी? तो असा चष्मा लावून बसाचा तो?" त्यांनी पदर सावरला. "मंग वाच की. थांबलास कशाला?"

७ ऑगस्ट, रविवार

वाचन रोज होतं. जाईबाई चुकत नाहीत. उंबऱ्यावरून आता त्या आत, आईच्या चटईवर आल्या आहेत. त्यांना बापाचा भयंकर राग येतो.

"उठत का नाय हा मानूस? हात एक गेला, पाय तं दोन हायेत ना?"

आई म्हणाली, "उठंल. बसू द्या त्याला."

"तुमी त्याची बाजू घेता बयाबाई, पन मी असती ना, पडवीसकट त्याला भायेर काढला असता."

आई हसली. पंढरी गेल्यापासून पहिल्यांदाच.

काल कारखान्यात आमच्या साहेबांनी पुस्तकाची प्रत मागून घेतली. म्हणाले, "कासारे, तुमच्या घरात लेखक होता आणि तुम्ही बोलला नाहीत?"  पंढरी रोज संध्याकाळी लिहायचा आणि मी त्याला विचारायचो, जेवलास का? तो म्हणायचा, जेवलो. एवढंच आमचं बोलणं. तरी काल मान ताठ ठेवून घरी आलो.

सरोजिनीला म्हटलं, स्मिताला सांग, काकाच्या पुस्तकाची एक प्रत तिच्या कॉलेजला दे म्हणावं. सरोजिनी म्हणाली, "तुम्हीच सांगा की, ती काय तुम्हाला चावते?" मी सांगणार होतो. मग विहारात जायची वेळ झाली.

१९ ऑगस्ट, शुक्रवार

पुढचं आधी नजरेखालून घालावं म्हणून आज मधल्या सुटीत स्टोअरमध्ये बसून वाचलं. वाचायला नको होतं.

गावातली विहीर आमच्या लोकांसाठी नव्हती. पाणी पऱ्ह्यावरून, डोंगरातल्या ओढ्यावरून, आणायचं. पंढरीने लिहिलंय की श्रावणातल्या एका दुपारी बाप पडवीतून "पाणी" म्हणून ओरडतो. घरातली मुलगी कोनाड्यातली लहान कळशी उचलते आणि जाते. डोंगरात पाऊस झालेला असतो आणि पऱ्ह्या एकदम वर येतो. कळशी खाली एका मुळीला अडकलेली सापडते. त्या दिवसापासून बाप बोलत नाही.

मुलीचं नाव पुस्तकात वेगळं आहे. पण ही आमची बहीण, पुतळा. पंढरीहून मोठी आणि माझ्याहून लहान.

मी तेव्हा महाडच्या बोर्डिंगात होतो. मला निरोप आला की पुतळा वाहून गेली. सुटीत घरी आलो तेव्हा कोनाडा रिकामा होता. मी काही विचारलं नाही आणि कुणी काही सांगितलं नाही. गावातले लोक वडिलांना काय म्हणायचे ते मात्र रस्त्यात कानावर पडायचं. पोरगी खाल्ली म्हणायचे.

पंढरी सात वर्षांचा होता. तो घरी होता. त्याने पाहिलं.

हे प्रकरण मी आईसमोर वाचणार नाही. अकरा पानं आहेत. ती सोडून पुढचं जोडून घेता येतं. तशी गोष्ट हळूच चालते, तिला कळणार नाही.

२१ ऑगस्ट, रविवार

सकाळी विहारात ग्रंथाचं वाचन नीट झालं. दुपारी घरी ती अकरा पानं एकत्र धरून उलटली. अंगठ्याला घाम आला होता. आवाज मात्र बदलला नाही. नंतरच्या प्रकरणात पाऊस संपलेला आहे आणि आई भात कापते आहे, तिथून वाचलं.

वाचन झाल्यावर जाईबाई म्हणाल्या, "ती बारकी कलशी कुठं गेली रं? रोज असाची कोन्यात. आज बोल्लाच नाय."

मी म्हटलं, "येईल पुढे."

"आनि पोरगी?"

मी पुस्तक मिटलं. आईकडे पाहिलं. ती फडक्याची घडी घालत होती, ती तिने दोनदा घातली.

२२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी डबा देताना आई म्हणाली, "शिवा, काल तू पानं सोडलीस."

मी म्हटलं, "आई, तुला त्रास होईल."

"मला वाचता येत नाय, पन माझ्या घरात काय व्हतं ते ठावं हाय. ग्रंथ वाचणारा पानं सोडतो व्हय? त्या लेकरानं येवढं लिवलं, मरतानापन तपासलं, आन् तू त्याची पानं गिळलीस."

मी डबा घेऊन निघालो. पण तुर्भ्याला उतरायचं विसरलो, पुढच्या थांब्यावरून चालत आलो.

२३ ऑगस्ट, मंगळवार, नारळी पौर्णिमा

जाईबाई सणाला माहेरी गेल्या होत्या. सरोजिनी, स्मिता, आई आणि मी. ती पानं वाचली. एक अक्षर सोडलं नाही. पऱ्ह्याचं पाणी येतं तिथे माझा आवाज गेला. थांबलो, तांब्याभर पाणी प्यायलो आणि ती ओळ पहिल्यापासून परत वाचली.

संपल्यावर आईने पाटावरचं फडकं सरळ केलं. मग म्हणाली, "सगळं खरं लिवलंय. एक सोडून."

"काय?"

"तिला मी पाठवली."

स्मिता आजीसमोर येऊन बसली.

"त्येनं पानी मागितलं, खरं. पन माझ्याकडं मागितलं. मडकं रितं व्हतं. मला राग व्हता. नोकरी गेलेली, दारू नाय पीत पन नुसता बसून. मी पुतळाला म्हनलं, जा, बापाला पानी हवंय, आन जा. तो म्हनाला, नको, वर पाऊस हाय, ऱ्हाऊ दे, मी तहानेला ऱ्हातो. मी म्हनलं, जा गं तू. माझा राग व्हता तो. ती गेली."

आई घरातली कामं सांगावीत तसं सांगत होती.

"पानी वाढल्याचा आवाज आला तसा तो पळाला, एका हातानं झाडं धरत. दोन दिवस खालपर्यंत हिंडला. कळशी त्यानंच आनली. भावकीनं ईचारलं, पोर कुनी पाठवली? तो गप. पुन्हा ईचारलं. तो गपच. मंग सगळ्यांनी धरलं, त्यानंच पाठवली. एकदा बोलायला लागला असता तर कवा तरी माझं नाव तोंडातनं गेलं असतं. म्हनून बोललाच नाय. शेळीशी बोलायचा. शेळी कुनाला सांगत नाय."

स्मिताने विचारलं, "आजी, तू का नाही सांगितलंस?"

"पोरी, मला वाटायचं सांगीन. मंग तो मेला. मंग कुनी ईचारत नव्हतं."

सरोजिनी उठून आत गेली आणि चहा टाकला. मी पुस्तक हातात धरून बसलो होतो. आईला काही बोलावं असं फार वाटलं. चहा आला तेव्हा म्हटलं, साखर बरोबर आहे.

४ सप्टेंबर, रविवार

घरचं वाचन थांबलं आहे. आई म्हणत नाही, मीही काढत नाही. जाईबाई दोनदा विचारून गेल्या.

कारखान्यात माल मोजताना वडील डोळ्यांसमोर येतात. माझ्या लग्नाच्या बोलणीत ते पडवीत बसले होते. पाहुण्यांनी विचारलं, मुलीकडून काय अपेक्षा? ते शेळीकडे बघून म्हणाले, बोलणारी असावी. सगळे हसले. मला तेव्हा लाज वाटली होती.

आज त्यांचा अभिमान वाटतो. हे कसं लिहायचं ते मला येत नाही. पंढरीला आलं असतं. पण त्याला हे ठाऊक नव्हतं. तो त्यांच्यावर रागावूनच गेला. दोन भावांपैकी एकाला लिहिता येत होतं आणि एकाला कळलं, अशी वाटणी झाली.

२ ऑक्टोबर, रविवार

विहारात कमिटीची बैठक झाली. वर्षावासाची सांगता अश्विन पौर्णिमेला. त्या दिवशी ग्रंथवाचन झाल्यावर पंढरीच्या पुस्तकातलं एक प्रकरण मी वाचावं असं ठरलं. आपल्या वस्तीतल्या माणसाचं पुस्तक छापून आलं, हा सगळ्यांचा मान आहे, असं सगळे म्हणाले. मला फार बरं वाटलं.

मग एकजण म्हणाला, पाण्याचं वाचा. ते आपल्या सगळ्यांचं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या.

आमच्या गावची आठ-दहा घरं आता इथेच जवळ कोपरखैरण्यात आहेत. वेणूबाई आहेत, ज्या वडिलांना पडवीत बसलेलं बघून तोंड फिरवायच्या. त्या सगळ्या समोर असणार. पंढरीचं नाव मोठं होणार आणि त्याच पानात वडील पुन्हा बुडणार, आणि ते वाचणार मी.

मी 'बघतो' म्हटलं.

९ ऑक्टोबर, रविवार

आईला सांगितलं. म्हटलं, दुसरं प्रकरण वाचतो, भात कापण्याचं चांगलं आहे.

"पान्याचंच वाच."

"मग वडील?"

"मंग माझं सांग. वाचून झालं की सांग."

"आई, मी वाचणारा आहे. आपलं एक अक्षर घालायचं नसतं. गुरुजींनी शिकवलंय."

"गुरुजी चांगले व्हते. पन तू एकदा नियम मोडलास. पानं सोडलीस, ती मला वाचवायला. आता त्याच्यासाठी मोड."

"तू सांग ना. तू तिथेच असशील."

"माझा आवाज पोचत नाय मागपर्यंत. तुझा पोचतो." मग म्हणाली, "आन् लोकांनी ऐकलं पायजे की हे भगवानच्या लेकानं सांगितलं. बायको सांगते तर म्हनतील, नवऱ्याची बाजू घेते."

बाहेर उंबऱ्यावर जाईबाई होत्या. कधी आल्या होत्या कळलं नाही. त्या आत आल्या नाहीत. नेहमी बोलणाऱ्या बाई, त्या नुसत्या म्हणाल्या, "शिवराम, कलशीचा मना कललां आता," आणि घरी गेल्या.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

दोन ओळी कागदावर लिहून पाहिल्या. कारखान्याच्या पत्रासारख्या झाल्या. फाडल्या.

स्टोअरमध्ये मालाच्या पोत्यांसमोर उभा राहून मोठ्याने म्हणून पाहिलं. पोत्यांनी नीट ऐकून घेतलं. वडिलांचं शेळीशी का जमायचं ते थोडं कळलं.

२२ ऑक्टोबर, शनिवार

काल अश्विन पौर्णिमा झाली. रात्रभर पुन्हा पुन्हा तेच मनात होतं, म्हणून आज सावकाश लिहितो.

विहार भरला होता. मागे बाहेर पायऱ्यांवर माणसं होती. पाऊस नव्हता. ग्रंथाचं वाचन झालं, मग पाटावर पंढरीचं पुस्तक ठेवलं. आईने घरून तेच फडकं आणलं होतं.

प्रकरण वाचलं. पाण्याचं येतं तिथे या वेळी आवाज गेला नाही. गावच्या बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. बाप "पाणी" म्हणून ओरडतो तिथे मागून कुणीतरी "च्च" केलं. ते मला ऐकू आलं. शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. सगळे वाचनानंतरचं "साधू" म्हणायच्या बेतात होते. मी हात वर केला.

मी म्हणालो, "हे माझ्या भावाने सात वर्षांच्या डोळ्यांनी पाहिलं तसं लिहिलं. त्याच्या लिहिण्यात खोट नाही. एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. माझे वडील भगवान कासारे त्या दिवशी 'जाऊ नको, पाऊस आहे' म्हणाले होते. ते नंतर बोलले नाहीत, कारण बोलले असते तर दुसऱ्या एका माणसावर दोष आला असता. त्या माणसाला त्यांनी मरेपर्यंत सांभाळलं."

मी आईचं नाव घेतलं नाही. ऐन वेळी घेता आलं नाही. वडिलांनाही असंच होत असेल.

तेव्हा पुढच्या ओळीतून आई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू. म्हणाली, "मी पाठवली व्हती."

आवाज पोचत नाही म्हणायची. पायऱ्यांवरच्या माणसांनी ऐकला.

 मग वेणूबाई आपल्या जागेवरून सरकल्या, आईचा हात धरला आणि तिला आपल्याजवळ बसवलं. नंतर त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "यात भगवानचं नाव कुठं हाय?" मी कव्हर दाखवलं. मधला शब्द. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी त्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवलं. "हे?" म्हणाल्या. मी म्हटलं, हे. मग त्यांच्यामागे गावची माणसं रांगेने आली आणि एकेकाने त्या शब्दावर बोट ठेवलं. ज्यांना वाचता येत होतं त्यांनीही.

मी पुस्तक दोन्ही हातांनी धरून उभा होतो. हात दुखायला लागले तरी खाली घेतलं नाही.

सगळं आवरल्यावर स्मिता पुस्तकाचा पाट उचलून घेत होती. मी म्हटलं, "स्मिता, तुझं औरंगाबादचं काय ठरलं? यंदाची वेळ गेली असेल, पुढच्या वर्षी जा. मी येतो सोडायला." ती माझ्याकडे बघतच राहिली. सरोजिनी एकदम हसायला लागली आणि मग डोळे पुसायला लागली. बायकांचं मला कळत नाही. वर्षावास संपला की सगळ्यांनाच थकवा येतो.

२४ ऑक्टोबर, सोमवार

पहिली पाळी करून आलो. दारातून पाहिलं तर घर पुसलेलं, पाट मांडलेला, त्यावर फडकं. चटईवर आई आणि जाईबाई. जाईबाईंनी मांडीवर तांदळाचं सूप घेतलं होतं, निवडायला.

मी म्हटलं, "वर्षावास संपला, आई. शेवटची काही पानं राहिलीत, ती वाचतो."

"ती वाच मागनं. आता पयल्यापासनं वाच."

"पहिल्यापासून?"

"पयल्यांदा ऐकताना माझं ध्यान त्या दुपारकडं व्हतं. कवा येते, कवा येते. त्याच्याकडं बघायचं ऱ्हाऊन गेलं. आता तो कसा बसलाय ते मला नीट ऐकायचंय."

जाईबाई म्हणाल्या, "मी पन त्याला लय बोलली. मना पन परत ऐकूंदे."

हातपाय धुऊन बसलो. पहिलं पान उघडलं. बाप पडवीत बसला आहे. चाळीस पानं तो उठत नाही. मी सावकाश वाचायला लागलो.